कॉलेजची नवीन बिल्डिंग बांधायचीये? सस्टेनेबल डिझाईनचं काम नीट करून घ्यायचं तर

नवीन बिल्डिंग हवीये असं संस्थेत ठरलं की पहिला फोन आर्किटेक्टला नका करू, टाइमटेबल बघणाऱ्या सरांना करा. खरंच सांगतेय. एक आठवडा दर तासाला एक माणूस वही घेऊन सगळ्या इमारतींतून फिरवायचा, कुठली खोली भरलीये, कुठली रिकामी, साठच्या वर्गात किती मुलं बसलीत, दुपारी दोननंतर कुठल्या लॅबला कुलूप असतं, बस एवढंच लिहायचं. मी जिथे जिथे हे करायला लावलंय तिथे रिकाम्या खोल्या सापडल्यात, कधी दोनच, कधी जवळपास आख्खा मजला. जी खोली बांधलीच नाही तिला सिमेंट लागत नाही, वीज लागत नाही, झाडायला मावशी लागत नाहीत. पुढे सोलर, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट), भारीतली काच असं काहीही केलंत तरी एवढी बचत त्यातून होणार नाहीये, म्हणून आधी हे.

मी पुण्यात याच कामाची, म्हणजे वीज-पाणी कमी लागणाऱ्या इमारतींच्या डिझाईनची, कन्सल्टंट आहे, आणि मला येणारे बरेचसे फोन एकाच प्रकारचे असतात, म्हणजे ड्रॉइंग मंजुरीला गेलंय, प्लिंथ म्हणजे जोतं झालंय, आता तेवढं ग्रीन सर्टिफिकेट काढून द्या. तोपर्यंत इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला, खिडक्या किती, मजले किती, एसी कुठे हे सगळं ठरून गेलेलं असतं आणि माझ्या हातात उरतात नळ, रंग आणि कागदपत्रं. वाईट वाटतं हो, कारण त्याच बिल्डिंगमध्ये पुढची पन्नास वर्षं मुलं एप्रिलमध्ये घामाघूम होऊन पेपर लिहिणार असतात. तेव्हा कन्सल्टंट घ्यायचाच असेल तर कन्सेप्ट ड्रॉइंगच्या आधी घ्या, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, एमईपी (एसी, वीज, प्लंबिंग) वाले आणि कन्सल्टंट पहिल्याच मीटिंगला एका टेबलावर बसले पाहिजेत. आणि इमारत वापरात आल्यावर एक वर्ष कन्सल्टंटला सोडू नका, हे आधीच करारात लिहून घ्या.

निवडायचा कसा? सर्टिफिकेटांचे फोटो बघून नाही. दोन वर्षांपूर्वी संपलेल्या त्याच्या एखाद्या कामाची लाइट बिलं मागा, वर्षभराची, आणि चौरस मीटरला वर्षाला किती युनिट पडली ते त्याच्याकडूनच काढून घ्या. ज्याने खरंच काम केलंय तो हे आनंदाने दाखवतो. दुसरं म्हणजे फी ठरीव रकमेत आणि टप्प्याटप्प्याने द्या. प्रोजेक्ट कॉस्टच्या टक्केवारीत फी बांधली की खर्च वाढण्यातच कन्सल्टंटचा फायदा होतो, मोठा एसी प्लँट म्हणजे मोठी फी. आणि काचेचा किंवा एसीचा सप्लायर "सल्ला फुकट देतो" म्हणाला तर चहा पाजा आणि नमस्कार करा, त्या सल्ल्याची किंमत पुढे बीओक्यूमध्ये, म्हणजे मालाच्या आणि दरांच्या यादीत, निघते.

जागा बघायला दोनदा जायचं

एकदा एप्रिलमध्ये दुपारी तीनला आणि एकदा जुलैत धो धो पाऊस चालू असताना. एप्रिलमध्ये ऊन कुठून येतं ते कळतं, जुलैत पाणी कुठून जातं ते कळतं. नकाशावर ओढा दिसत नसला तरी जमिनीला तो आठवत असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुणेकरांना सांगायला नको. प्लॉटमधून जाणारी नैसर्गिक पन्हळ बुजवून त्यावर पार्किंग काढलेलं ड्रॉइंग मी बघितलंय, तसलं काही दिसलं तर तिथेच थांबवा, नंतर पाइप टाकून भागत नाही.

झाडांचंही तेव्हाच. प्रत्येक झाडाचा घेर, उंची, जात आणि नेमकी जागा सर्व्हेमध्ये यायला हवी, नुसतं "झाडे ४२" असं नाही चालत. महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष कायदा आहे, तोडायला परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी पश्चिमेला उभा असलेला जुना वड किंवा चिंच जेवढं ऊन अडवते तेवढं अडवायला नवीन रोपाला वीस-तीस वर्षं लागतील. मोठं झाड उपटून दुसरीकडे लावू म्हणतात, त्यावर माझा फारसा भरवसा नाही, बिल्डिंग दहा फूट सरकवणं सोपं आणि स्वस्त. नवीन लावायचं तर बहावा, ताम्हण, करंज, कांचन, कडुनिंब लावा. ग्लिरिसिडिया आपल्या टेकड्यांवर भरपूर आहे, कॅम्पसमध्ये आणखी नको.

ऊन, म्हणजे निम्मं डिझाईन

पुणं साधारण १८.५ अक्षांशावर आहे, म्हणजे १३ मेच्या आसपास एकदा आणि जुलैच्या अखेरीला परत एकदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात दुपारी तो चक्क उत्तरेला असतो. याचा अर्थ "उत्तरेला ऊन येत नाही, आख्खी काच लावा" हे पुण्यात पूर्ण खरं नाही. मे-जूनच्या संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीवर वायव्येकडून तिरपं ऊन येतं, तिथे आडव्या छज्जापेक्षा उभे फिन (खिडकीच्या बाजूला उभ्या पट्ट्या) लागतात, छोटे चालतात पण लागतात.

दक्षिण सगळ्यात सोपी. २१ मार्चला दुपारी सूर्य साधारण ७१ अंशावर असतो, म्हणजे खिडकीच्या अगदी डोक्यावर दोन फुटांचा छज्जा काढला तर पाच फूट उंच खिडकी भर दुपारी पूर्ण सावलीत जाते आणि सप्टेंबरपर्यंत तशीच राहते. डिसेंबरमध्ये सूर्य ४८ अंशांपर्यंत खाली येतो तेव्हा ऊन आत येतं, थंडीत सकाळच्या लेक्चरला ते बरंच वाटतं. एवढं साधं गणित आहे, तरी एलेव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, प्लेन दिसावी म्हणून पहिला बळी छज्जाचाच जातो, आणि मग पडदे लावतात, पडदे लावले की अंधार, मग दिवसभर ट्यूब चालू.

पश्चिमेला मात्र छज्जा काही कामाचा नाही, चार वाजताचं ऊन त्याच्या खालून आत घुसतं. पश्चिमेला वर्ग ठेवूच नका. जिने, टॉयलेट, लिफ्ट, डक्ट, स्टोअर तिकडे ढकला, त्यांची जाड भिंतच सावलीचं काम करते. म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवायची आणि वर्ग उत्तर-दक्षिण तोंडाचे. प्लॉट आडवातिडवा असेल तर आर्किटेक्टला डोकं लावावं लागतं, पण लावू द्या, ड्रॉइंगमध्ये हे फुकट आहे. आणि पावसाची झड आपल्याकडे पश्चिम-नैऋत्येकडून येते, तर पश्चिमेची बाजू बंद ठेवल्याचा तोही फायदा मिळतो.

कमिटीला हे सगळं स्लाइडवर पटत नाही असा माझा अनुभव आहे. मी त्यांना एप्रिलच्या दुपारी फिरायला नेते. फर्ग्युसनची किंवा विद्यापीठाची जुनी दगडी मुख्य इमारत बघायची, जाड भिंती, उंच छत, बाहेरून व्हरांडा, आणि तिथून थेट आपल्याच संस्थेच्या नव्या बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं. दहा मिनिटांत सगळे गप्प होतात. वेळ असेल तर आयुका (विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संस्था) पण बघा, चार्ल्स कोरियांनी केलेलं डिझाईन आहे, मोकळ्या चौकांभोवती इमारती कशा बसवायच्या ते तिथे कळतं. आपल्या वाड्यांमध्ये चौक होताच की, उजेड आणि हवा दोन्ही तिथूनच यायची. कॉलेजच्या बिल्डिंगलाही चौक फार छान बसतो, फक्त त्यावर नंतर पॉलिकार्बोनेटचं छप्पर टाकू नका, हवा कोंडते आणि खालच्या ग्रंथालयाची भट्टी होते.

हवा

पुण्याच्या एप्रिलची एक गंमत आहे, दिवसा ३८ झालं तरी पहाटे २०-२२ पर्यंत उतरतं. हा सोळा-अठरा अंशांचा फरक म्हणजे फुकटचा एसी. रात्रभर खोल्यांमधून वारा खेळला तर भिंती आणि स्लॅब थंड होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतात. सिम्युलेशनमध्ये हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात संध्याकाळी सहाला वॉचमन काका सगळ्या खिडक्या लावून घेतात, कारण चोरी झाली, पाऊस आला, डास आले तर बोलणी त्यांनाच बसतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून रात्रीची हवा खिडकीतून घ्यायचीच नाही. खिडकीच्या वर वेगळे लूव्हरचे (तिरप्या पट्ट्यांचे) व्हेंटिलेटर ठेवा, आतून मच्छरजाळी, बाहेरून ग्रिल, पाऊस आत येणार नाही असा उतार, आणि ते कायम उघडे. समोरच्या भिंतीलाही, कॉरिडॉरच्या बाजूला, तसेच. एका बाजूने हवा आली आणि जायला वाट नसेल तर ती येतच नाही.

कबुतरांचा विचार ड्रॉइंगवरच करा. नुसती सिमेंटची जाळी, सपाट कट्टे, एसीच्या आउटडोअर युनिटची बाल्कनी, इथे सहा महिन्यांत घरटी होतात आणि मग कोणीतरी सगळी भोकं पत्रा ठोकून बंद करतं, की झालं तुमचं व्हेंटिलेशन. जाळीला मागून बारीक मेश, कट्ट्यांना उतार, एवढं पुरतं. आणि आवाज. प्लॉट गणेशखिंड रोडसारख्या रस्त्याला लागून असेल तर खिडक्या उघड्या ठेवून शिकवता येत नाही, सरांचा घसा बसतो. तिथे वर्ग आतल्या चौकाकडे वळवा आणि रस्त्याच्या बाजूला ऑफिस, लॅब, कॉरिडॉर ठेवा.

एसी कुठे हवा याची यादी वर्ग आणि विभागांप्रमाणे बसून करायची. सर्व्हर रूम, काही इन्स्ट्रुमेंट लॅब, ऑडिटोरियम, ठीक. साध्या वर्गाला चांगली सावली, आरपार हवा आणि पंखे पुरतात, आपल्या हवेत माणसाला २४ अंशच लागतात असं नाही, हवा खेळती असेल तर त्याच्या बरंच वर सुद्धा बरं वाटतं. एसीच्या खोल्या एकत्र एका भागात ठेवा, विखुरल्या की गळती वाढते. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, जुना पंखा ७५ वॉट खातो, हा ३०-३५. पाचशे पंखे, आठ तास धरले तर दिवसाला साधारण १६० युनिट वाचतात.

सायन्सची बिल्डिंग असेल तर मात्र सगळी नजर फ्यूम हूडवर (लॅबमधले विषारी वायू खेचून बाहेर टाकणारा कप्पा) ठेवा. हूड एसीची थंड हवा सतत बाहेर फेकत असतो, वापरात नसताना सुद्धा. किती हूड खरंच लागतात ते केमिस्ट्रीच्या लोकांबरोबर बसून ठरवा, व्हेरिएबल फ्लोचे, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त हवा खेचणारे, घ्या, आणि त्या लॅब वरच्या मजल्यावर ठेवा म्हणजे एक्झॉस्टचे डक्ट छोटे राहतात.

आता गच्ची. आपल्याकडे ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर पांढरा चायना मोझेक (फुटक्या टाइल्सची फरशी) करायची जुनी पद्धत आहे, ती उष्णतेलाही चांगली, खाली इन्सुलेशनचा थर दिला तर आणखी उत्तम. बऱ्याच संस्था दहा वर्षांनी गळतीला कंटाळून वर पत्र्याची शेड टाकतात. त्यापेक्षा पहिल्यापासून उंच स्ट्रक्चरवर सोलर पॅनेल घ्या, सावलीही मिळते, वीजही. ढोबळ हिशोब असा, एका किलोवॉटला दहा चौरस मीटर सावली नसलेली जागा, आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट. म्हणजे हजार चौरस मीटर गच्चीवर १०० किलोवॉट, वर्षाला दीड लाखाच्या जरा आत युनिट. कॉलेजचा पेच असा की भरपूर वीज तयार होते तेव्हा मे महिन्यात कॅम्पस रिकामा असतो, तेव्हा नेट मीटरिंगचं (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करून घेणं) महावितरणकडे आधीच बोलून घ्या आणि पाण्याची टाकी, लिफ्ट रूम, डिश अँटेना यांची सावली पॅनेलवर पडणार नाही हे तपासा. पॅनेल धुवायला पाण्याचा नळ आणि चालायला वाट ठेवा, हे विसरतातच.

पाण्याचं गणित स्वतः करून बघा

दिवसा भरणाऱ्या कॉलेजला माणशी ४५ लिटर धरतात, हॉस्टेलला १३५. हजार मुलांचं कॉलेज म्हणजे रोज ४५ हजार लिटर. आता हजार चौरस मीटरच्या गच्चीवर पुण्याचा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, वाया जाणारं सोडून साडेपाच लाख लिटर हाती येतं. ऐकायला मोठं वाटतं पण ते बारा दिवसांचं पाणी आहे, आणि तेही चार महिन्यांत येणार. म्हणून मी प्रचंड टाकी बांधायला सांगत नाही. चार-पाच दिवसांची टाकी करा जी पावसाळ्यात सारखी भरेल आणि वापरली जाईल, बाकीचं जमिनीत. पण जमिनीत म्हणजे कुठेही खड्डा नाही. आपल्याखाली बेसॉल्ट आहे, मुरूम किंवा भेगाळलेला खडक लागला तर पाणी मुरतं, अखंड कातळ लागला तर खड्ड्यात नुसतं साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. भूजलातल्या जाणकाराला एक दिवस बोलवा, आसपासच्या बोअर-विहिरींची माहिती द्या, मगच जागा ठरवा.

खरी बचत वापरात आहे. कॉलेजमध्ये जवळपास निम्मं पाणी फ्लशला जातं, ते प्रक्रिया केलेलं पाणी असू शकतं, त्यासाठी दुहेरी प्लंबिंग पहिल्या दिवसापासून लागतं, भिंती फोडून नंतर कोणी करत नाही. ड्युअल फ्लश, नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी), प्रत्येक मजल्याला पाण्याचा वेगळा मीटर. एसटीपी निवडताना सुट्ट्यांचा विचार करा, दिवाळीत आणि उन्हाळ्यात हॉस्टेल रिकामं झालं की सांडपाणी बंद, प्लँटमधले जिवाणू उपाशी मरतात आणि कॉलेज उघडलं की पंधरा दिवस वास. जागा असेल तर नीरीचं फायटोरिड किंवा आयआयटी मुंबईचं सॉइल बायोटेक्नॉलॉजी असं मातीवर-झाडांवर चालणारं काहीतरी बघा, त्यांना वीजही कमी लागते.

मटेरियलचं थोडक्यात. सिमेंट पीपीसी (फ्लाय अॅश मिसळलेलं) किंवा स्लॅगचं, फ्लाय अॅशच्या विटा नाहीतर एएसी (हलके, सच्छिद्र) ब्लॉक, वाळूऐवजी क्रश सँड (दगड दळून केलेली), हे पुण्यात आता सगळीकडे मिळतं. खरा फरक स्ट्रक्चरल इंजिनिअर पाडतो, कॉलमचं अंतर उगाच मोठं ठेवलं की स्लॅब जाड होतो आणि स्टील वाढतं. बेसमेंट पार्किंगवर सुद्धा एकदा वाद घालाच, कातळ फोडून गाड्या ठेवण्यापेक्षा मेट्रो आणि पीएमपीच्या स्टॉपपासून सावलीतला रस्ता करा.

ग्रीन सर्टिफिकेट म्हणजे रेटिंग, त्यासाठी ग्रिहा, आयजीबीसी, लीड असे पर्याय आहेत, तिन्ही चालतात, ज्याचं मार्गदर्शन जवळ मिळेल ते घ्या. राज्याच्या युडीसीपीआरमध्ये (बांधकाम नियमावलीत) रेटिंग मिळालेल्या इमारतीला जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) आहे, तो हवा असेल तर नोंदणी आधीच करा. कनेक्टेड लोड १०० किलोवॉट किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड १२० केव्हीए झाली की ईसीबीसी (इमारतींसाठीचा ऊर्जाबचतीचा कोड) बघावा लागतो, त्यात नेहमीच्या सोप्या मार्गाने गेलं तर भिंतीच्या ४० टक्क्यांवर काच चालत नाही, आणि वर्गाला त्याहून बरीच कमी पुरते. बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या वर जात असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, शिक्षणसंस्थांना असलेली सूट सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केलीये, जुन्या माहितीवर जाऊ नका.

टेंडर

इथे सगळ्यात जास्त मेहनतीवर पाणी पडतं. एका संस्थेत मी दोन वर्षं काम केलं, आणि शेवटी व्हॅल्यू इंजिनिअरिंगच्या, म्हणजे खर्च कापायच्या, एका मीटिंगमध्ये गच्चीचं इन्सुलेशन आणि सगळे सब-मीटर उडवले, लॉबीचा इटालियन मार्बल मात्र राहिला. आता तिथे वीज कुठे जाते हे कोणालाच कळत नाही, मला अजून त्याचा त्रास होतो. तेव्हापासून मी टेंडरच्या आधी एक कागद करून त्यावर विश्वस्तांच्या सह्या घेते, "याला हात लावायचा नाही" अशी यादी, छज्जे, व्हेंटिलेटर, इन्सुलेशन, दुहेरी प्लंबिंग, मीटर. पैसे कमी पडले तर फिनिशिंगमध्ये कापा, फरशी दहा वर्षांनी बदलता येते. स्पेसिफिकेशनमध्ये "ऑर इक्विव्हॅलंट" (किंवा त्याच तोडीचं) लिहिलंत तर इक्विव्हॅलंट म्हणजे काय ते आकड्यात लिहा, काचेचा एसएचजीसी (उन्हाची किती उष्णता आत येते तो आकडा) किती, पंख्याचे वॉट किती, नळाला मिनिटाला किती लिटर. नाहीतर एल-वन (सगळ्यात कमी दराचा ठेकेदार) येऊन काहीही बसवेल आणि तुम्हाला बोलता येणार नाही.

आणि सगळे वर्ग करण्याआधी एक वर्ग पूर्ण करा. रंग, खिडकी, व्हेंटिलेटर, पंखा, फळा, सगळं. तिथे थर्मामीटर आणि उजेड मोजणारं लक्स मीटर ठेवा, चार मुलं आणि एक मॅडम बसवा, शेवटच्या बाकावर आवाज पोचतो का, फळ्यावर चमक येते का विचारा. चूक तिथे सापडली तर एका खोलीची असते.

ताबा घेतल्यावर

मोठी जाडजूड मॅन्युअल कपाटात जातात. त्याऐवजी इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वॉचमन काका आणि मावशींना घेऊन अर्धा दिवस बिल्डिंग फिरा आणि मराठीत एक पान लिहून द्या, कुठला व्हॉल्व्ह कशाचा, व्हेंटिलेटर का बंद करायचे नाहीत, एसटीपीचा ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) सुट्टीत किती वेळ चालवायचा. त्यांनाच विचारा काय अडतंय, मला सगळ्यात चांगल्या सूचना त्यांच्याकडूनच मिळाल्यात. इलेक्ट्रिशियनला एक रजिस्टर द्या, दर सोमवारी सकाळी सगळ्या मीटरचं रीडिंग, आणि ते रजिस्टर महिन्याला रजिस्ट्रारांच्या टेबलावर गेलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या महिन्यात लिहिणं बंद होतं.

मग पहिल्या एप्रिलमध्ये परत या. वरच्या मजल्यावरून "वर्ग तापतो, एसी बसवा" असा अर्ज आलेला असेलच. अर्ज नाकारू नका, तक्रार खरी असते. शिडी घेऊन वर्गात जा आणि व्हेंटिलेटर बघा, मेशवर धूळ बसलीये का, कोणी पुठ्ठा लावलाय का, रंगकामात लूव्हर चिकटून बसलेत का. ते मोकळे करा, दोन आठवडे तापमान लिहा, आणि मग एसीच्या अर्जावर निर्णय घ्यायला बसा.